सत्तर रुग्णांची सबब

२०२५ साली पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जसगुरप्रीत सिंग पुरी यांच्यासमोर एक जामीन अर्ज आला. सोबतचा वैद्यकीय अहवाल त्यांनी वाचायला घेतला, तर त्यातलं एकही अक्षर लागेना. त्यावर त्यांनी निकालातच नोंदवलं की वाचता येईल अशी चिठ्ठी आणि वाचता येईल असं निदान मिळणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. वैद्यकीय अभ्यासक्रमात हस्ताक्षराचे धडे घाला, दोन वर्षांत संगणकीय चिठ्ठ्या आणा आणि तोवर कॅपिटल अक्षरांत लिहा, असंही त्यांनी सांगितलं.

या निकालानंतर इंडियन मेडिकल असोसिएशनचे तेव्हाचे अध्यक्ष डॉ. दिलीप भानुशाली बीबीसीशी बोलले. अनेक डॉक्टरांचं अक्षर वाईट असतं, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केलं. पण त्यामागचं कारण कामाचा ताण आहे, शहरांत संगणकीय चिठ्ठ्या आल्या तरी खेड्यांत ते अवघड आहे, आणि दिवसाला सात रुग्ण तपासणाऱ्याला सुवाच्य लिहिणं जमेल, सत्तर तपासणाऱ्याला जमणार नाही, असा त्यांचा सूर होता. देशातले असंख्य डॉक्टर नेमकं हेच बोलतात.

मी फार्मासिस्ट आहे. डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी ज्याला वाचावी लागते, त्या बाजूला उभा राहून हे लिहितो आहे. डॉक्टरांवरचा ताण खरा आहे, सरकारी दवाखान्यांतली गर्दी खरी आहे. तरीही त्यातून काढलेला निष्कर्ष मला मुळीच मान्य नाही. सत्तर रुग्ण असतील तर हाताने लिहिणं आधी थांबवायला हवं. कागदी चिठ्ठीच्या बाजूने जी कारणं दिली जातात, ती एकेक करून तपासली की शेवटी उरते फक्त डॉक्टरांची सवय. तिची किंमत मात्र रुग्ण मोजतो.

आधी वेळेचा मुद्दा घेऊ. घाईत लिहिल्याने दवाखान्यात दोन मिनिटं वाचतात, हे खरं. पण ती मिनिटं पुढे दुसऱ्या कुणाला तरी खर्च करावी लागतात. संध्याकाळी दुकानात गर्दी असते आणि चिठ्ठी समोर येते. पहिलं अक्षर कळतं, शेवटी 'एल' असावा, मध्ये नुसती लाट. मग आम्ही लेटरहेड बघतो: डॉक्टर हृदयाचे की हाडांचे? पेशंटला विचारतो, "काय त्रास होतोय, काका?" काका म्हणतात, "डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या दिल्यात." नावाचा अंदाज कसाबसा बांधता येतो. खरी भीती आकड्याची असते. तो २.५ आहे की २५? मधला ठिपका पेनचा आहे की कागदावरचा डाग? दवाखान्यात फोन लावला तर रिसेप्शनवरची मुलगी सांगते, "सर पेशंट बघतायत, नंतर करा." काकांची शेवटची एसटी सुटायची वेळ झालेली असते. आता एकतर त्यांनी अर्धी औषधं घेऊन घरी जायचं, नाहीतर आमच्यापैकी कुणीतरी अंदाजाने गोळ्यांचं पाकीट काढून हातात ठेवायचं. हा अंदाज रोज, गावोगावच्या दुकानांत बांधला जातो आणि त्याची कुठेही नोंद होत नाही. डॉक्टरांच्या हिशेबात वाचलेली दोन मिनिटं दिसतात. हा खर्च दिसत नाही.

शिवाय सत्तरांपैकी मोठा भाग रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड अशा जुन्या दुखण्यांचा असतो. त्यांची औषधं महिनोन्‌महिने तीच असतात. हाताने लिहायचं तर दर वेळी पाच ओळी नव्याने खरडायच्या. संगणकावर मागची चिठ्ठी उघडायची, नजर टाकायची, बदल असेल तर करायचा आणि छापायची. सुरुवातीचे काही आठवडे हात अडखळेल, हे कबूल. पण गर्दीचा दवाखाना हेच संगणकीय चिठ्ठीचं सगळ्यात बळकट कारण आहे.

"मग कॅपिटल अक्षरांत लिहू," असं काही जण म्हणतात. हा उपाय करून झाला आहे. भारतीय वैद्यक परिषदेने सप्टेंबर २०१६ मध्ये आचारसंहितेत दुरुस्ती करून सांगितलं की औषधं जेनेरिक नावाने, सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावीत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ च्या नियमांत तेच पुन्हा घातलं आणि शक्य तिथे टंकलिखित चिठ्ठी द्यावी असंही म्हटलं. डॉक्टरांचा विरोध होताच तीन आठवड्यांच्या आत ते नियम स्थगित झाले. २०१६ पासून आमच्या काउंटरवर काय बदललं, ते कुठल्याही फार्मासिस्टला विचारा. आणि साधा विचार करा: कॅपिटल अक्षरं काढायला घाईच्या अक्षरापेक्षा जास्त वेळ लागतो. ज्याला टाइप करायला वेळ नाही, त्याला एकेक अक्षर सुटं काढायला कुठून मिळणार?

कॅपिटल अक्षरांनी सगळा धोका टळतही नाही. 'युनिट'साठी आकड्यापुढे काढलेला इंग्रजी 'यू' शून्यासारखा दिसतो आणि इन्सुलिनचे १० युनिट १०० वाचले जातात. जगभर रुग्णसुरक्षेचं काम करणारे लोक हा 'यू' टाळा, दशांशानंतर उगाच शून्य देऊ नका, असं वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. औषधांची नावं तर एकमेकांच्या सख्ख्या भावंडांसारखी. 'फाल्सिगो' आणि 'फाल्सिटॅब' या मलेरियाच्या दोन औषधांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००१ साली न्यायालयाने बजावलं की औषधांच्या नावांतला गोंधळ जीवघेणा ठरू शकतो, म्हणून इतर मालापेक्षा इथली कसोटी कडक हवी. ब्रँडच्या या जंगलात हस्ताक्षराचा भरवसा धरणं म्हणजे जाणूनबुजून धोका पत्करणं.

धोका कसा घडतो, याचं एक उदाहरण अमेरिकेतल्या टेक्सासमधलं आहे. १९९५ साली एका हृदयरोगतज्ज्ञाने छातीत दुखणाऱ्या रुग्णाला 'आयसॉर्डिल' लिहून दिलं: २० मिलिग्रॅम, दर सहा तासांनी. औषधविक्रेत्याने ते 'प्लेंडिल' वाचलं. प्लेंडिल हे रक्तदाबाचं औषध आहे आणि त्याची दिवसाची कमाल मात्रा १० मिलिग्रॅम असते. रुग्णाच्या पोटात दिवसाला ८० जाऊ लागले. त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि काही दिवसांत तो गेला. १९९९ साली ज्यूरीने साडेचार लाख डॉलरची भरपाई ठरवली आणि तिची जबाबदारी डॉक्टर व औषधविक्रेता या दोघांवर टाकली. डॉक्टरचं निदान चुकलं नव्हतं, औषधाची निवड चुकली नव्हती. चुकलं ते फक्त अक्षर. आमच्याकडे असं काही घडलं तर म्हातारा माणूस होता, हृदयाचा त्रास होताच, असं म्हणून विषय मिटतो. चिठ्ठी कोण तपासतो?

आता दुसऱ्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा: संगणकही चुकतो. हे खरं आहे आणि जे नाकारतात ते ई-चिठ्ठीचं नुकसानच करतात. २००५ साली पिट्सबर्गच्या मुलांच्या रुग्णालयाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. औषधांचे आदेश संगणकावर नेल्यानंतर, बाहेरून हलवून आणलेल्या गंभीर मुलांमधलं मृत्यूचं प्रमाण २.८० टक्क्यांवरून ६.५७ टक्क्यांवर गेलं होतं. कारणं तपासली तेव्हा दिसलं की मूल रुग्णालयात पोचून त्याची नोंद होईपर्यंत औषध मागवताच येत नव्हतं. पूर्वी रुग्णवाहिका वाटेत असतानाच तयारी व्हायची. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अमेरिकी अभ्यासाने संगणकीय आदेशांमुळे चुकीला वाव मिळण्याचे २२ प्रकार नोंदवले.

या मुद्द्याचा सोपा नमुना मेथोट्रेक्सेट. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. संगणकाच्या यादीत आधीपासून 'रोज' भरलेलं असेल आणि डॉक्टरांनी न बघता पुढे ढकललं, तर छापील, सुंदर, स्वच्छ चिठ्ठीसुद्धा माणसाचा जीव घेऊ शकते. प्रत्येक ओळीला धोक्याची सूचना दाखवणारी प्रणाली असेल, तर डॉक्टर कंटाळून सगळ्याच सूचना बंद करत सुटतात, हेही वारंवार दिसून आलं आहे.

पण इथेच थांबून "म्हणून कागदच बरा" म्हणणाऱ्यांनी पुढची गोष्ट दडवू नये. सिएटलच्या मुलांच्या रुग्णालयाने नंतर तीच प्रणाली आणली. पिट्सबर्गमध्ये काय बिघडलं ते पाहून कामाची पद्धत आधी नीट बसवली आणि तिथे मृत्यू वाढले नाहीत. बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयात १९९८ सालीच दिसलं होतं की संगणकीय आदेशांमुळे औषधांच्या गंभीर चुका ५५ टक्क्यांनी घटल्या. संगणकाची चूक सापडते, मोजता येते आणि एकदा दुरुस्त केली की सगळ्या दवाखान्यांत एकदम दुरुस्त होते. मेथोट्रेक्सेटपुढे 'आठवड्यातून एकदा, अमुक वारी' हे भरल्याशिवाय चिठ्ठी छापलीच जाणार नाही, अशी सोय करता येते. हस्ताक्षरात अशी कुठली सोय करणार? तिथली चूक प्रत्येक टेबलावर, प्रत्येक कागदावर नव्याने जन्माला येते.

पुढचा आक्षेप खेड्यांचा. वीज जाते, रेंज नसते, म्हातारी माणसं मोबाइल वापरत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी कागद हवा. कागद हवाच, पण हाताने लिहिलेला का? ई-चिठ्ठी म्हणजे रुग्णाला मोबाइल दाखवून परत पाठवणं, असं कुणी ठरवलं? साधा प्रिंटर जोडा आणि चिठ्ठी छापून हातात द्या. रेंज नसली तरी संगणकात लिहून छापता येतं. नोंद नंतर वर जाईल. इंग्लंडमध्ये आज ९५ टक्क्यांहून जास्त चिठ्ठ्या इलेक्ट्रॉनिक जातात, आणि तरी मागेल त्याला बारकोड असलेला कागद मिळतो. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ई-संजीवनीतून दूरच्या आरोग्य केंद्रांत बसलेल्या माणसांना डॉक्टरांचा सल्ला आणि छापता येणारी चिठ्ठी मिळते आहे. खेड्यात अशक्य असतं, तर हे घडलंच नसतं.

खेड्यातल्या रुग्णाची खरीच काळजी असेल, तर आजच्या चिठ्ठीकडे त्याच्या डोळ्यांनी बघा. भाषा इंग्रजी, खुणा लॅटिन, अक्षर कुणालाच न लागणारं. 'बीडी', 'टीडीएस', 'एचएस' त्याला काय कळणार? मग मी पाकिटावर पेनाने दोन रेघा ओढतो, सकाळची एक आणि रात्रीची एक, आणि घरी जाईपर्यंत ती पाकिटं एकमेकांत मिसळतात. संगणक त्याच चिठ्ठीखाली मराठीत छापू शकतो: 'सकाळी नाश्त्यानंतर एक गोळी, रक्तदाबासाठी. डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.' ही ओळ नातवाला वाचून दाखवता येते, शेजारणीला वाचता येते, आशाताईंना तपासता येते. कागदी चिठ्ठीने ज्या माणसाला आजवर बाहेर ठेवलं, त्याच्याच नावाने तिची बाजू मांडली जावी, याचा मला संताप येतो.

गोपनीयतेचा आणि सायबर हल्ल्याचा आक्षेप मी सगळ्यात गंभीर मानतो. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर हल्ल्यात बंद पडले आणि जवळपास दोन आठवडे देशातल्या सर्वात मोठ्या रुग्णालयांपैकी एक हाताने चालवावं लागलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत चेंज हेल्थकेअर या एकाच कंपनीवर हल्ला झाला आणि देशभरातल्या औषधदुकानांना विम्याचे दावे मंजूर करून घेता येईनात. सगळी अंडी एका टोपलीत ठेवली की असंच होणार. म्हणून ई-चिठ्ठीची रचना करताना एकच मोठं कोठार बांधू नये, छापील प्रत सक्तीची असावी आणि यंत्रणा बंद पडल्यावर काम कसं चालेल याची तालीम व्हावी. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा बडगा चिठ्ठ्यांच्या विक्रीवर खरोखर उगारला जावा. पण आजचा कागद गोपनीय आहे, हा भ्रम आहे. चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सअपवर मेडिकलवाल्याकडे जातो, तिथून डिलिव्हरी करणाऱ्या पोराकडे, तिथून आणखी कुठे. त्यात कोणाचं नाव आणि कोणता आजार आहे, हे कोण कोण बघतं याचा काहीच माग राहत नाही.

आता माझ्याच धंद्यातल्या लोकांशी बोलायचं आहे. औषधविक्रेत्यांच्या संघटना ऑनलाइन विक्रीच्या भीतीपोटी ई-चिठ्ठीकडे संशयाने बघतात. सप्टेंबर २०१८ मध्ये देशभर दुकानं बंद ठेवली गेली, ती याच भीतीतून. भीती निराधार नाही. डॉक्टर, ॲप आणि औषधाचं गोदाम एकाच कंपनीचं असेल आणि चिठ्ठी त्या ॲपबाहेर जाऊच शकत नसेल, तर गावातलं दुकान संपेल आणि रुग्ण कंपनीच्या दावणीला बांधला जाईल. ई-चिठ्ठीचा खरा धोका हा आहे, आणि त्याच्याविरुद्ध आपण सगळ्यांनी लढलं पाहिजे. इंग्लंडमध्ये रुग्ण आपलं दुकान स्वतः निवडतो आणि हवं तेव्हा बदलतो. आपल्याकडेही कायद्याने हेच लिहून घ्यावं: चिठ्ठी रुग्णाची, दुकान रुग्णाच्या पसंतीचं. ऑनलाइन औषधविक्रीच्या नियमांचा मसुदा २०१८ च्या ऑगस्टमध्ये निघाला आणि अंतिम रूप न घेताच पडून राहिला. मागणी करायची तर याची करा.

पण आपल्या पंगतीतलं एक कटू सत्यही बोलून टाकतो. काही डॉक्टरांची चिठ्ठी फक्त दवाखान्याला लागून असलेल्या मेडिकललाच वाचता येते. रुग्ण दुसऱ्या दुकानात गेला की त्याला सांगितलं जातं, "जिथून आणली तिथूनच घ्या." न लागणारं अक्षर म्हणजे रुग्णाला एकाच दुकानाशी बांधणारी दोरी झाली आहे. सुवाच्य, जेनेरिक नावाची चिठ्ठी असेल तर तोच माणूस चार दुकानांत भाव विचारू शकतो. प्रामाणिक छोट्या दुकानदाराचं यात भलंच आहे.

आणखी एका गोष्टीकडे दुर्लक्ष होतं. औषध नियमांनुसार डॉक्टरने वेगळं लिहिलेलं नसेल, तर चिठ्ठीवर एकदाच औषध द्यायचं आणि दुकानाचं नाव व तारीख चिठ्ठीवर नोंदवायची. प्रत्यक्षात तोच घड्या पडलेला कागद दुकानादुकानांत फिरतो. झोपेच्या गोळ्या, तीव्र अँटिबायोटिक्स, पुन्हा पुन्हा. १ मार्च २०१४ पासून 'शेड्यूल एच-१' मधल्या औषधांची वेगळी नोंदवही ठेवून ती तीन वर्षं जपायची असते. पण शेजारच्या दुकानाने काल याच चिठ्ठीवर काय दिलं, हे माझी वही मला सांगू शकत नाही. ई-चिठ्ठीवर 'औषध दिलं' ही खूण एकदा पडली की ती सगळीकडे दिसते. अँटिबायोटिक्स निकामी होत चालल्याची चिंता व्यासपीठांवर मांडणाऱ्यांनी निदान या एका कारणासाठी तरी कागदाचा हट्ट सोडावा.

हे नवं, न आजमावलेलं तंत्र आहे असंही कुणी म्हणू नये. स्वीडनमध्ये पहिली इलेक्ट्रॉनिक चिठ्ठी १९८३ साली गेली. एस्टोनियाने २०१० मध्ये देशभर ती सुरू केली. फिनलंडमध्ये २०१७ पासून, अपवाद वगळता, सगळ्या चिठ्ठ्या इलेक्ट्रॉनिकच आहेत. आपल्या देशात २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनी डिजिटल चिठ्ठीला वाट करून दिली आणि २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशनची देशभर घोषणा झाली. तंत्र आहे, वाट आहे. अडलं आहे ते इच्छेपाशी.

पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाचा आदेश महाराष्ट्राला लागू नाही. पण जगण्याचा हक्क पंजाबात एक आणि मराठवाड्यात दुसरा असू शकत नाही. राज्य सरकारने आपल्या ग्रामीण आणि जिल्हा रुग्णालयांपासून सुरुवात करावी: छापील चिठ्ठी, जेनेरिक नाव, मराठीत सूचना. खाजगी डॉक्टरांना मुदत द्यावी आणि लहान दवाखान्यांना मोफत, खुली प्रणाली द्यावी. डॉक्टर मित्रांना माझी विनंती आहे की सरकारची वाट बघू नका. तुमच्या टेबलावर संगणक आहे, फीसाठी क्यूआर कोड आहे, चिठ्ठीही छापता येईल.

आणि वाचकहो, दवाखान्यातून उठण्याआधी चिठ्ठी स्वतः वाचून बघा. औषधाचं नाव, मात्रा, किती वेळा, किती दिवस, यातलं काही लागलं नाही तर तिथेच विचारा आणि सुवाच्य चिठ्ठी मागा. संकोच करू नका. ती मागणं हा तुमचा हक्क आहे आणि देणं हे डॉक्टरांचं कर्तव्य आहे.